भुंड्या गाईचं शिंग

नर्सने इंजेक्शनच्या काचेच्या कुपीची मान अंगठ्याने मोडली. कट् असा बारीक आवाज झाला आणि पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसलेला तो एवढा दचकला की हातातला चहा पँटवर सांडला. नर्स हसली. "अहो, तुम्ही स्वतः डॉक्टर ना?" "जनावरांचा," पलंगावरून अण्णा, म्हणजे त्याचे वडील, म्हणाले. "आणि आता तेही नाही. माणसांचं जमलं नाही म्हणून जनावरांचा झाला, जनावरांचं जमलं नाही म्हणून गिधाडांचा. यापुढे कोण उरलंय ते बघायचं." घरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडल्याला बारा दिवस झाले होते, शस्त्रक्रिया होऊन नऊ, आणि अंगातलं उरलंसुरलं सगळं बळ जिभेत जाऊन बसलं होतं. सुई टोचली तेव्हा मात्र त्यांनी डोळे मिटून घेतले आणि उशीचा कोपरा मुठीत धरला. तो रुमालाने पँट पुसत राहिला. कुपीवरचं नाव वाचायची त्याला गरज नव्हती. डायक्लोफिनॅक, तीन मिली. हे औषध फक्त एवढ्या लहान कुपीत विकलं जावं म्हणून त्याने एके काळी अर्ज लिहिले होते, दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या. माणसांसाठी निघणाऱ्या मोठ्या बाटल्या, जनावरांसाठी बंदी असूनही, गोठ्यांत पोहोचत होत्या. लहान कुप्या आल्या की एका गाईसाठी पाच-पाच फोडाव्या लागतील, लोक कंटाळतील आणि नाद सोडतील, असा त्यामागचा विचार होता. विचार चुकीचा नव्हता. बारा दिवसांपूर्वी दूधवाल्या बाईच्या गोठ्यात त्याने स्वतः एकामागून एक पाच कुप्या फोडल्या, तेव्हा त्याला कंटाळा आला नाही, एवढंच.

अण्णांचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला. आधी भुवयांमधली आठी गेली, मग जबडा सुटला, मग मुठीतून उशी. गाईचे आधी कान पडतात. ती तांबडी गाय अडली होती, वासरू आडवं आलं होतं, आणि तो दोन तास कोपरापर्यंत हात आत घालून गोठ्यातल्या ओल्या जमिनीवर पालथा पडला होता. वासरू निघालं, जिवंत निघालं, उभंही राहिलं. गाय मात्र उठेना. ती ओरडत नव्हती, दात खात होती. दगडावर दगड घासल्यासारखा तो आवाज ऐकून बाईने कानांवर हात ठेवले आणि त्याच्या पायाशी बसून ती तेच तेच म्हणत राहिली, "डॉक्टर, काहीतरी द्या हो, मला बघवत नाही." गिधाडांना न बाधणारं दुसरं औषध गावातल्या डब्यात असायला हवं होतं. डबा रिकामा होता. तो भरून आणायचं काम त्याचंच होतं आणि त्या आठवड्यात ते राहून गेलं होतं, कशामुळे ते आता आठवूनही आठवत नव्हतं, म्हणजे कारण फारसं मोठं नसणार. बॅगेत अण्णांच्या गुडघ्यांसाठी घेतलेलं पाच कुप्यांचं खोकं होतं. "आपलंच आहे, चालणारं," तो बाईला म्हणाला. तिने विचारलंही नव्हतं.

ते औषध अंगात असताना जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की दोन-चार दिवसांत त्यांच्या माना लोंबायला लागतात. मूत्रपिंडं बंद पडतात, काळजावर आणि आतड्यांवर खडूची पूड फासल्यासारखा पांढरा थर चढतो आणि पक्षी बसल्या जागेवरून खाली पडतो. हे त्याने तीन गावांना समजावून सांगितलं होतं. चावडीसमोर पांढरा पडदा लावून चित्रं दाखवली होती, बायाबापड्यांना खडू हातात देऊन सांगितलं होतं. लोक आधी हसले. मेलेलं खाणाऱ्यांची कसली काळजी, म्हणाले. मग पटलं म्हणा किंवा हा माणूस पिच्छा सोडत नाही म्हणून म्हणा, त्यांनी समिती केली, घराघरांतल्या बाटल्या आणून विहिरीमागच्या खड्ड्यात पुरल्या, आणि एक साधा नियम केला. सुई कुठलीही असो, टोचली की जनावराच्या शिंगाला निळ्या रंगाचा पट्टा ओढायचा. पट्टा असलेलं जनावर पंधरा दिवसांत मेलं तर पुरायचं. बिनपट्ट्याचं मेलं तर कड्याखालच्या माळावर नेऊन ठेवायचं, पक्ष्यांना. सहा वर्षांत कड्यावरच्या अकरा पक्ष्यांचे एकोणतीस झाले होते. जोडीला वर्षाला एकच अंडं, त्यातली अर्धी फुकट, हे लक्षात घेतलं तर एकोणतीस म्हणजे चमत्कारच. गावाच्या वेशीवर शाळेतल्या पोरांनी फळा लावला होता आणि त्यावर तो आकडा असायचा. बाहेरगावचा माणूस आला की लोक त्याला आधी फळ्यापाशी नेत, मग घरी.

गाईला शिंगं नव्हती. जन्माची भुंडी. नियम करताना भुंड्या गाईचा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता, कारण तीन गावांत मिळून ती एकच होती. रंगाचा डबा उघडून, ब्रश बुडवून तो तिच्या डोक्याशी उकिडवा बसला आणि शिंग शोधायला लागला. हे हसण्यासारखं होतं. बाई हसलीसुद्धा, रडता रडता. कानाला लावता आला असता, कपाळाला लावता आला असता. पण पट्टा ओढला की वहीत नोंद करायची, नोंदीत औषधाचं नाव लिहायचं, आणि ते नाव समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक. ब्रशवरून निळा थेंब त्याच्या बुटावर पडला. गाय आता मान टाकून शांत पडली होती, वासरू तिला ढुशा देत होतं. जगेल ती, त्याला वाटलं, उद्या औषधाचा डबा भरून आणू, उद्या रंग लावू, नोंदही उद्याच करू. त्याने ब्रश गवताला पुसला. तेवढ्यात शेजाऱ्यांचा फोन आला की अण्णा पडलेत. शहराकडे येताना गाडी चालवत असताना तिसऱ्या की चौथ्या वळणावर त्याला वाटलं, दुर्बीणकाकांना एक फोन करून ठेवावा, भुंडी मेली तर नेऊ नका म्हणून. मग ते विचारणार, का? आणि काका विचारतात तेव्हा उत्तर मिळेपर्यंत तोंडाकडे बघत राहतात. त्याने फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी गाय मेली.

दुर्बीणकाका म्हणजे कड्यावरचे राखणदार. आयुष्यभर दगडाच्या खाणीत सुरुंगाची भोकं पाडली, बायको गेली, मुलीकडे येऊन राहिले, आणि दिवसभर घरात जावयाच्या नजरेसमोर बसायला नको म्हणून कड्याखाली जाऊन बसायला लागले. गिधाडं वाचवणाऱ्या त्याच्या संस्थेने त्यांना दुर्बीण दिली आणि गावाने नाव. पण दुर्बीण गळ्यात नुसती लटकायची. नुसत्या डोळ्यांनी ते सांगायचे, तिसऱ्या कपारीतली मादी आज डाव्या पंखावर रेलून बसलीय, काहीतरी टोचलंय तिला. तो दुर्बिणीतून बघायचा आणि ते खरं निघायचं. डोळ्यांत तेल घालून राखण करणं म्हणजे काय ते त्याने तिथे पाहिलं. मेलेलं जनावर आलं की काका आधी शिंग बघत, मग हाताने चाचपून बघत, मगच गाडीवर चढवून नेत. भुंडीलाही त्यांनीच नेलं. आठवड्याभरात नऊ पक्षी पडले. तो एका दिवसासाठी अण्णांना नर्सवर सोपवून गेला, माळावर प्लॅस्टिक अंथरलं आणि एकेक पक्षी उघडला. काका पंख धरून समोर बसले होते. "हे पांढरं काय, डॉक्टर?" त्यांनी पहिला पक्षी उघडला तेव्हा विचारलं. पुढच्या आठ वेळा विचारलं नाही. त्यांच्या हनुवटीवरून पाणी टपटपत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. त्या क्षणी त्याला फक्त एवढंच वाटत होतं की यांनी वर बघू नये.

खरं सांगायचं तर गिधाडं त्याला कधी आवडली नव्हती. लहानपणी आईबरोबर जाताना गावाबाहेरच्या उकिरड्यावर त्याने मेलेल्या घोड्याभोवती तीस-चाळीस गिधाडं बघितली होती. एक तर घोड्याच्या पोटात खांद्यापर्यंत शिरून परत बाहेर आलं होतं, आणि आईने त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला होता. तिच्या हाताला साबणाचा वास होता. पुढे शिकत असताना कधीतरी त्याच्या लक्षात आलं की तो उकिरडा आहे, मेलेली जनावरं आहेत, कुत्री दुप्पट झालीत, पण गिधाडं नाहीत, आणि कुणालाही त्याचं काही वाटलेलं नाही. याचं काहीतरी वाटणारा पहिला माणूस आपण असावं, असं त्याला वाटलं. पक्ष्यांवर माया नव्हती, पक्ष्यांविषयी आपलं म्हणणं बरोबर असण्यावर होती. लोक मात्र तिला मायाच समजत आले आणि समजू देण्यात त्याला काही गैर दिसलं नाही. अण्णांनी तेवढं ओळखलं होतं. घोरता घोरता त्यांनी एक डोळा उघडला, तो तिथेच बसलाय ना हे बघितलं आणि परत मिटला.

सकाळी अकराला समितीच्या अध्यक्ष बाईंचा फोन आला होता. गावातल्या शाळेत शिकवतात, फोनवरही फळ्यासमोर उभ्या असल्यासारख्या बोलतात. "चार वाजता बैठक आहे. दूधवाली म्हणते, सुई दिली, तुम्हीच दिली. ते ठीकच आहे, गाय अडली होती, आणि वहीतली नोंद वडील पडल्याच्या घाईत राहिली असेल. प्रश्न एवढाच की रंग लावला होता की नव्हता. दुर्बीणकाका म्हणतात नव्हता. पण तुम्ही रंग लावायला विसराल हे कुणालाच पटत नाही. रंग असून त्यांनी गाय नेली असेल तर त्यांना कड्यावर ठेवता येणार नाही. नऊ पक्षी म्हणजे थोडे नाहीत. पोरांनी फळा पुसला तेव्हा वर्गात रडारड झाली. मी चारला फोन करते, तुम्ही फक्त हो किंवा नाही सांगा." आणि ठेवला. तेव्हापासून तो खुर्चीवर बसून होता. नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग का नाही लावला, आणि त्याच्या पुढचा, कुठली सुई. डॉक्टरनेच तेच औषध दिलं हे कळलं की तीन गावांतला एकही माणूस उद्यापासून ऐकणार नाही. त्याला चालतं तर आम्हाला का नाही, म्हणतील, आणि त्यांचं बरोबर असेल. खड्ड्यात पुरलेल्या बाटल्यांच्या जागी नव्या येतील, उरलेले वीस पक्षी वर्षभरात जातील. एका बाजूला वीस पक्षी आणि दुसऱ्या बाजूला एक म्हातारा. असं मांडलं की कसं स्वच्छ दिसत होतं. एवढं स्वच्छ की त्याला त्याचा संशय आला, पण संशय घेऊन करायचं काय ते सुचलं नाही.

"डॉक्टर, येऊ का?" दारात दुर्बीणकाका उभे होते. धुतलेला सदरा, हातात केळ्यांची पिशवी. गळ्यात दुर्बीण नव्हती, त्यामुळे मान उघडी पडल्यासारखी दिसत होती. अण्णा जागे झाले. "हे कोण?" "कड्यावर गिधाडं राखतात," तो म्हणाला. "राखतात?" अण्णा म्हणाले, "पळून जातात की काय ती?" काका हसले. "पळून गेली असती तर बरं झालं असतं हो. मेली." त्यांनी केळी टेबलावर ठेवली, अण्णांच्या पायांना लांबूनच हात जोडले आणि खुर्ची दिली तरी बसले नाहीत. "बैठकीला थांबलो नाही मी. आपल्याबद्दल लोक बोलणार आणि आपण ऐकत बसायचं, जमेना. पहिली गाडी धरली. म्हटलं, तुम्हालाच विचारावं. जरा बाहेर येता?"

बाहेर बाकावर ते टेकले, अगदी कडेला. "मी त्या गाईच्या डोक्यावरून हात फिरवला होता डॉक्टर. शिंग नाही म्हणून कान बघितले, कपाळ बघितलं, शेपूटसुद्धा बघितलं. रंग नव्हता. पहिल्या दिवशी मी छातीठोक सांगितलं. मग बाई म्हणाल्या, डॉक्टर सुई देतात आणि रंग लावत नाहीत, असं सहा वर्षांत एकदा तरी झालंय का? नाही झालं. खोटं कशाला बोलू? मग मी विचार करत बसलो. रोज तेच. तर आता मला रंग दिसतो. डाव्या कानाच्या मागे, निळा, बोटभर. डोळे मिटले की दिसतो. तो खरा होता की मीच मनाने लावला, काही कळेना. मुलगी म्हणते, बाबा, विचार करू नका. जावई काही म्हणत नाही, पण जेवताना मान वर करत नाही. तुम्ही एकदा सांगा म्हणजे सुटलो. लावला होता ना तुम्ही?" आणि ते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याची सहा चित्रं होती. त्याने ती सगळी बघितली. चौथ्या चित्रात अंगठा चोळायचा होता. अजून वेळ होता, म्हणजे अजून एक श्वासभर होता, आणि त्या एका श्वासात त्याला लख्ख कळलं की वीस पक्ष्यांचा विचार आपण मुळीच करत नाही आहोत. तो विचार मघाशी होता, खोलीत, खुर्चीवर. इथे बाकावर फक्त या माणसाच्या नजरेतून उतरायची भीती होती, नागडी, लहान मुलाची असते तशी. "हो," तो म्हणाला. "कुठे?" "डाव्या कानाच्या मागे."

काकांनी एवढा मोठा श्वास सोडला की शेजारून जाणारा वॉर्डबॉय थबकला. "सुटलो बघा. म्हणजे होता. म्हणजे माझ्याच डोळ्यांना दिसला नाही." त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर थापा मारल्या. आवाजात चक्क उभारी आली. "मग आता सोपं आहे. इथे डोळ्यांचं बघतात ना? मला बघायला सांगा. चष्मा घेऊन जातो. बाईंना सांगतो, बाई, डोळे गेले होते, आता हा बघा चष्मा. चष्मा लावून लोक विमानं चालवतात, मला गिधाडं राखता येणार नाहीत होय? नऊ मेली त्याचं पाप आहेच माझ्या डोक्यावर, ते काही चष्म्याने जात नाही. पण उरलेल्यांकडे तर बघायला हवं कुणीतरी. तिसऱ्या कपारीत पिल्लू आहे, त्याचा बाप गेलाय. त्याची आई एकटी खायला शोधायला जाते तेव्हा घार येऊन बसते वर. नवा माणूस नेमतील, त्याला काय कळणार त्यातलं?" बोलता बोलता ते उठलेसुद्धा. तोही उठला. त्याला वाटलं, आहे, एक वाट आहे. साठी उलटून गेलेल्या माणसाच्या डोळ्यांत काहीतरी निघणारच, कुणाच्या निघत नाही? चष्मा लागेल, बाई ऐकतील, म्हातारा परत कड्यावर बसेल, आणि हे सगळं कुणाचंही फारसं न बिघडता मिटून जाईल. जिना उतरताना तो शिट्टी वाजवायच्या बेतात होता.

तळमजल्यावर डोळे तपासणारी मुलगी एकटीच होती. तिने काकांना स्टुलावर बसवलं, एक डोळा झाकायला लावला आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. काकांनी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, खाली खाली जात सगळ्यात बारीक ओळही धडाधड वाचून काढली. मग दुसऱ्या डोळ्याने. मग तक्त्याच्या अगदी तळाशी, कडेला, छापखान्याचा पत्ता होता तोही वाचला. मुलगी उठून तक्त्याजवळ गेली आणि वाकून बघून आली. "काका, हा पत्ता इथे आहे हेच मला माहीत नव्हतं," ती हसून म्हणाली. तिने यंत्रावर हनुवटी टेकवून घेतली, उजेड पाडून बघितलं. "मोतीबिंदू नाही, काही नाही. या वयात असे डोळे मी बघितले नाहीत. तुम्हाला चष्मा कशाला हवाय?" काका तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बघ ना बाई परत. लहानसा का होईना, नंबर निघाला तर." "अहो, नाही तर काढू कुठून?" "रंग दिसण्यात काही असेल. निळा." तिने रंगीत ठिपक्यांची पुस्तिका काढली. त्यांनी एकूण एक आकडा बरोबर सांगितला. प्रत्येक आकड्यागणिक त्यांचा आवाज खाली खाली गेला, आणि शेवटचा आकडा त्यांनी जवळजवळ कुजबुजत सांगितला.

बाहेर रुग्णांच्या नातेवाइकांची गर्दी होती. ते दोघे भिंतीला लागून उभे राहिले. "डोळे नाहीत," काका म्हणाले. मग त्यांनी दोन बोटांनी आपल्या कपाळाला स्पर्श केला, दुसऱ्याच्या घराचं दार वाजवावं इतक्या बेताने. "मग हे गेलं." तो स्ट्रेचरला वाट द्यायला भिंतीला आणखी चिकटला. "माझ्या थोरल्या भावाचंही असंच झालं होतं. आधी लहानसहान गोष्टी विसरला. मग समोरचं दिसलं तरी कळायचं नाही. शेवटी मला दादा म्हणायला लागला." खिशात फोन वाजला. पडद्यावर अध्यक्ष बाईंचं नाव होतं, चार वाजले होते. काका समोरच होते, हातभर अंतरावर, आणि आता ते त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते. जमिनीकडे बघत होते. "हो बाई, लावला होता," तो फोनवर म्हणाला. "डाव्या कानाच्या मागे. काका इथेच आहेत माझ्याजवळ, त्यांनाही पटलंय. नाही, नाही, त्यांना कुणी काही बोलू नका. त्यांनी खूप केलंय. वय झालं की होतं असं माणसाचं." हे शेवटचं त्याला कुणी विचारलं नव्हतं. ते त्याने आपणहून सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज एवढा मऊ झाला होता की त्याचा त्यालाच क्षणभर गहिवर आला.

काकांनी मान हलवली. "चांगलं बोललात. नाहीतर गाव तोंडाला काळं फासायचं." त्यांनी सदऱ्याची घडी सारखी केली. "मुलीला एवढ्यात सांगू नका, डोक्याचं. मीच सांगेन. किंवा कळेल तिचं तिला." "नाही सांगत," तो म्हणाला. "आणि त्या पिल्लाचं नव्या माणसाला सांगा तुम्हीच. मी सांगितलं तर त्याला वाटेल, म्हाताऱ्याच्या सांगण्यात काय अर्थ." मग ते निघाले, दहा पावलं गेले आणि थांबले. समोर मोठं दार सताड उघडं होतं, त्यातून ऊन आत आलं होतं, पलीकडे रस्ता, रिक्षा, झाड, सगळं दिसत होतं. ज्या माणसाला पाव कोसावरच्या कपारीतलं पिल्लू चोच उघडतंय की मिटतंय ते कळायचं, तो त्या दारासमोर वळून उभा राहिला. "डॉक्टर, मी आलो तो याच दाराने ना?" "याच." तरी ते हलेनात. त्यांनी हात पुढे केला, आणि त्याला तो धरावा लागला. हात कोरडा होता, खाणीत काम केलेल्या माणसाचा, जाड. दोघे दारापर्यंत गेले. बाहेर उतरायला तीन पायऱ्या होत्या, स्वच्छ, रुंद, उन्हात. काकांनी खाली बघितलं, नीट बघितलं, आणि मग त्याच्याकडे वळून विचारलं, "इथे पायरी आहे ना, डॉक्टर?"

"आहे," तो म्हणाला. "सावकाश उतरा."